कुमुदच्या लग्नाचं वाघसाहेबांना आमंत्रण

एका जंगलात, मुलांनो, लग्नसराई सुरू होती. तुमच्याकडे असते तशीच. फक्त तिथे मांडवाचे बांबू भाड्याने आणावे लागत नसत.

त्या जंगलात चितळांचा एक कळप होता. चितळ म्हणजे अंगावर पांढरे ठिपके असलेलं हरीण. कळपाचे प्रमुख होते नानासाहेब, आणि कुमुद ही त्यांची मुलगी. तिचं लग्न ओढ्यापलीकडच्या सुहासशी ठरलं होतं. आता थोडेच दिवस उरले होते.

कुमुदला श्वास घ्यायला सवड नव्हती. मेंदी काढायला आलेल्या खारीने तिची पाठ बघितली आणि विचारलं, "आधीच कुणाकडून काढून घेतलीत का?" फोटो काढणाऱ्या बगळ्याने दोघांना सबंध दुपार पाण्यात उभं केलं. "एकमेकांकडे बघा. आता आपण बघतोय हे विसरा," असं तो सांगत राहिला. सुहासला सर्दी झाली. तरी कुमुद खुशीत होती. स्वतःच्या लग्नात सगळ्यांना असं वाटतं, की ही धावपळ एकदाची संपावी आणि अजिबात संपू नये.

सुहासला आई नव्हती. त्याला आत्याने वाढवलं होतं. आत्या एका पायाने लंगडत आणि त्यांना फारसं दिसत नसे. कुमुदला बघायला आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "तुला सावकाश चालता येतं का?"

"येतं," कुमुद म्हणाली होती. लग्न तिथेच ठरलं.

एका संध्याकाळी नानासाहेब म्हणाले, "सगळी आमंत्रणं झाली. फक्त वाघसाहेब राहिलेत."

कुमुदची आई चरत होती. तिने मान वर केली. "त्यांना कशाला?"

"सांबरांच्या लग्नाला साहेब आले होते."

"सांबरांचे काका त्या लग्नातून परत आले नाहीत."

"लग्न म्हटलं की थोडं इकडेतिकडे होतंच," नानासाहेब म्हणाले. "पण सांबरांकडे जाऊन बघ. आमच्या काकांना साहेबांनी स्वतः निवडलं, असं येईल त्याला सांगतात. आपण बोलावलं नाही, तर लोक म्हणतील, चितळांची साहेबांशी ओळखच नाही."

"आहे की. ते दिसले की आपण पळतो."

"तीच ओळख वाढवायची आहे."

कुमुदच्या डोळ्यांसमोर आत्या आल्या. सगळे पळाले तर मागे कोण राहणार, हे कळायला ज्योतिषाची गरज नव्हती.

"आमंत्रण द्यायला कोण जाणार?" तिने विचारलं.

नानासाहेब खाकरले. "मीच गेलो असतो. पण मला काही झालं तर कन्यादान कोण करणार?"

"मग मी जाते."

"नवरीने आपल्या लग्नाची अक्षत घेऊन फिरायचं नसतं," आई म्हणाली.

"काळ बदललाय," नानासाहेब म्हणाले. तो बदललेला त्यांना त्याआधी कधी आवडला नव्हता.

कुमुदने मनाशी ठरवलं होतं. आमंत्रण द्यायचं, आणि येऊ नका म्हणून सांगायचं. सुहासला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "मला भीती वाटते. पण लग्न दोघांचं आहे, तर मीही येतो."

वाघसाहेब डोहात निम्मे बुडून बसले होते. काठावरच्या खडकावर आमंत्रणांचा ढीग होता.

"कुणाचं लग्न?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"आमचंच," कुमुद म्हणाली.

"जेवायला काय आहे?"

"कोवळं गवत. बोरं. मोहाच्या फुलांचे लाडू."

"म्हणजे माझी सोय नाही."

"नाही."

साहेबांनी एक डोळा उघडला. "बाकीचे म्हणतात, तुम्ही या तर खरे, काहीतरी सोय होईल."

"साहेब, तुम्ही यावं असं बाबांना वाटतं. मला नाही वाटत. यांच्या आत्या लंगडतात. त्यांना यांचं लग्न बघायचंय. तुम्ही आलात तर त्यांना पळता यायचं नाही."

सुहासने डोळे मिटून घेतले. साहेबांनी मात्र दुसराही डोळा उघडला.

"लग्नात कुणाला खायचं नाही, असं मी दर वेळी ठरवून जातो," ते म्हणाले. "पण आधी सत्कार. मग प्रास्ताविक. मग कुणीतरी उठून म्हणतो, मी फार वेळ घेणार नाही. सांबरांचे काका तसंच म्हणाले होते. ऊन चढत जातं. मलाही पोट आहे."

"मग नका ना येऊ."

"तेही जमत नाही. एकाकडे गेलो आणि दुसऱ्याकडे नाही, तर कळपांत रुसवेफुगवे होतात." साहेबांनी उसासा टाकला. "येईन आणि लगेच जाईन. त्या सकाळी रानडुकरांकडे बारसं आहे. तिथे भरपूर भाषणं आहेत. पोट भरूनच येईन. पण तुमच्याकडे भाषण नको."

कुमुदने घरी जाऊन हे सगळं वडिलांना सांगितलं. नानासाहेबांनी त्यातलं "येईन" एवढंच ऐकलं, आणि त्याच संध्याकाळपासून ते झाडाआड उभे राहून पुटपुटू लागले.

लग्नाच्या दिवशी सगळं जंगल लोटलं. आत्या पहिल्या रांगेत, हातात अक्षता घेऊन. भटजी वानर होते. त्यांनी झाडाच्या शेंड्यावर बसून मंगलाष्टकं सुरू केली. कुमुद अंतरपाटाच्या अलीकडे उभी होती आणि सुहासचे फक्त खूर तिला दिसत होते.

दोन मंगलाष्टकं झाली. तिसऱ्याच्या मध्येच भटजींना लांब बांबूंच्या बेटात काहीतरी पिवळं हललेलं दिसलं.

"सावधान," ते ओरडले. मुलांनो, हा शब्द प्रत्येक लग्नात म्हणतात. पण इतक्या मनापासून तो कधीच कुणी म्हटला नव्हता.

क्षणात मांडव ओस पडला. ससे गेले, सांबरं गेली. अंतरपाट धरणारे दोघं गेले आणि अंतरपाट खाली पडला. कुमुदची आई झाडीत शिरून नानासाहेबांना हाका मारू लागली. नानासाहेब हलले नाहीत. त्यांचं भाषण पाठ झालं होतं.

कुमुदने समोर बघितलं. सुहास होता. त्याने पुन्हा डोळे मिटून घेतले होते, पण तो तिथेच होता. त्याच्या शेजारी आत्या शांतपणे उभ्या होत्या.

वाघसाहेब येऊन बसले. ते कुमुदला हळूच म्हणाले, "रानडुकरांनी बारसं पुढे ढकललं. मी उपाशी आहे. लवकर उरका."

"आदरणीय वाघसाहेब," नानासाहेबांनी सुरुवात केली, "आज या मंगलप्रसंगी मी फार वेळ घेणार नाही."

साहेबांच्या शेपटीचं टोक हललं. त्यांनी आत्यांकडे पाहिलं. मग नानासाहेबांकडे.

कुमुदने ताटातला सगळ्यांत मोठा लाडू उचलला आणि वडिलांच्या तोंडात कोंबला. मोहाचा लाडू चिकट असतो. नानासाहेबांचे दात मिटले ते मिटलेच. कुमुदने सुहासच्या गळ्यात माळ घातली. सुहासने घातली ती तिच्या एका कानाला अडकली, पण तेवढं कुणी बघत नव्हतं. भटजी शेंड्यावरून उरलेलं सगळं एका दमात म्हणून मोकळे झाले.

आत्यांनी अक्षता टाकल्या. थोड्या साहेबांच्याही डोक्यावर पडल्या.

"नांदा सौख्यभरे," साहेब म्हणाले. त्यांनी एकदा लाडवांकडे बघितलं, नाक मुरडलं आणि ते बांबूंच्या बेटाकडे निघून गेले.

"कोण होते ते?" आत्यांनी विचारलं.

"बाबांच्या ओळखीचे आहेत," कुमुद म्हणाली.

"चांगले वाटले. अगदी शेवटपर्यंत थांबले. बाकीचे बघ, जेवायलासुद्धा थांबले नाहीत."

मग कुमुद, सुहास, आत्या आणि झाडीतून बाहेर आलेली आई अशी चौघं पंगतीला बसली. नानासाहेबही बसले, पण त्यांना बोलता येत नव्हतं. इतकी निवांत पंगत त्या जंगलात कधी झाली नव्हती. ऊन उतरल्यावर कुमुद सासरी निघाली, सावकाश, आत्यांच्या चालीने.

तात्पर्य: लग्नाला वाघाला अवश्य बोलवावे. घरचे कोण आणि पाहुणे कोण, हे एरवी मंगल कार्यालय रिकामं करायची वेळ झाली तरी कळत नाही.