बारेदा सरांचा परखड अभिप्राय

प्राध्यापक फाउस्तिनो बारेदा त्या दिवशी विद्यापीठाच्या कॅफेत शिरले ते मिशांना पीळ देतच. नुकताच त्यांनी एका लेखाचा खिमा केला होता.

बारेदा सर म्हणजे सतराव्या शतकातल्या ब्रदर अम्ब्रोसिओ या नाटककार साधूवरचे सर्वश्रेष्ठ तज्ज्ञ. या साधूची नाटकं सेव्हिया विद्यापीठातल्या रोसेंदा ओल्मेदो सोडल्या तर दुसरं कुणी वाचतच नव्हतं, त्यामुळे हे पद त्यांना फारसं जड गेलं नव्हतं. त्यांच्या विषयातल्या संशोधन-पत्रिकेकडे लेख आला, की कार्यालय लेखकाचं नाव न वाचताच झाकून तो परीक्षकाकडे पाठवी. या वेळी तो सरांकडे आला होता.

"रोसेंदाचाच असणार!" ऑम्लेटचा घास घेत सर म्हणाले. "म्हणे अम्ब्रोसिओची नाटकं शेजारच्या मठातली एक जोगीण लिहायची आणि हा नुसती सही ठोकायचा! मी लिहिलं, 'एवढा थोर माणूस दुसऱ्याच्या लिखाणावर सही करील, ही कल्पना फक्त अडाण्यालाच सुचू शकते.'"

समोर त्यांची सहायक कासिल्दा बसली होती. तिच्या हातातला कप तसाच राहिला.

"सर, तुम्ही हे पाठवलंतसुद्धा?"

"पाठवलं! नाकारायला लावला!"

गेली कित्येक वर्षं सरांचे लेख तीच लिहीत होती. सर सही करत. वाचायला त्यांना वेळ नसे; तज्ज्ञाला फार सभा असतात.

पुढच्या आठवड्यात सरांचा स्वतःचा लेख नापास होऊन परत आला. विभागप्रमुखाच्या खुर्चीचं घोडं याच लेखावर अडलं होतं. सरांनी परीक्षकाचा अभिप्राय दोन ओळीच वाचला आणि ते भडकले.

"कोण हा गाढव? मला अडाणी म्हणतो?"

"जाऊ द्या ना सर," कासिल्दा म्हणाली. "प्रकरण वाढवू नका. माझं ऐका."

"वाढवू नको? मी त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडतो!"

त्यांनी खरोखरच मांडली. विभागाच्या बैठकीत परीक्षकाला 'निर्बुद्ध, द्वेषी आणि बहुधा दारुडा' ठरवणारा निषेध एकमताने मंजूर झाला. सगळ्यात आधी सरांचाच हात वर गेला. मग त्यांनी सगळा विभाग कॅफेत जमवला आणि पत्रिकेचे संपादक कालिक्स्तो यांना तिथे बोलावून घेतलं.

"नाव सांगा त्याचं. इथे, सगळ्यांसमोर."

"सर, आपण बाहेर बोलू या का?"

"इथेच!"

कालिक्स्तोंनी घाम पुसला. "परीक्षक तुम्हीच होतात, सर."

लेख आपण लिहिला नाही म्हणावं, तर खुर्ची गेली. वाचला नाही म्हणावं, तरी गेली. सर क्षणभर पांढरेफटक पडले. पण सभा गाजवलेला माणूस तो.

"मला ठाऊक होतंच!" ते गरजले. "खरा विद्वान स्वतःचा सर्वांत कठोर टीकाकार असतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. निर्बुद्ध दारुड्याचा सर्वांना विसर पडला. सरांना खुर्ची तिथल्या तिथे मिळाली. भारावलेले कालिक्स्तो म्हणाले, "मग लेख छापतो, टीकाही छापतो, आणि त्या टीकेला तुमचं उत्तरही! सगळं देशभर गाजेल बघा."

सर हसत कासिल्दाकडे वळले. "उत्तर लवकर दे हं, कासिल्दा."

"मी नोकरी सोडलीय, सर. सकाळीच राजीनामा दिला." तिने पर्स उचलली. "तुमच्यातल्या भांडणात मी तिसरी कशाला?"

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला लेख वाचायला घेतला. तिसऱ्या पानावर त्यांना कबूल करावं लागलं, की लिहिणाऱ्याला विषय कळला होता. पाचव्या पानानंतर मात्र त्यांना स्वतःला कळेना. पत्रिकेचा तगादा सुरू झाला. अखेर मान खाली घालून त्यांनी सेव्हियाला फोन लावला.

"रोसेंदा, त्या जोगिणीबद्दल जरा विचारायचं होतं…"

"मला कुठला वेळ रे बाबा!" पलीकडून आवाज आला. "थांब, आमच्याकडे नवीन प्राध्यापिका आल्यात. त्या विषयात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. देते त्यांना."

फोन या हातातून त्या हातात गेला.

"नमस्कार," कासिल्दा म्हणाली. "कोण बोलतंय? लेखक की परीक्षक?"