हिरव्या ट्रेलरचे दिवे

रंगाऱ्याने ब्रेक दाबला आणि मागून बायको ओरडली, "उजवा इंडिकेटर लागला!"

"अगं, ब्रेक दाबलाय मी!"

"मग ते ब्रेकला सांगा. मला दिसतं ते मी सांगतेय."

गाडी रस्त्याच्या कडेला, गाडीच्या मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये बायकोची बोन्साय झाडं आणि शेजारी कमरेवर हात ठेवून हवालदार. उजवीकडे वळताना डावा दिवा लागला म्हणून त्याने अडवलं होतं. दिवे सुधारल्याशिवाय चाक हलवायचं नाही, असा त्याचा हुकूम. तिकडे प्रदर्शनाचं फाटक सहाला बंद होणार होतं. बायकोने वर्षानुवर्षं या झाडांची फांदी न् फांदी तारेने वळवली होती, पण स्पर्धेत उतरायचं धाडस यंदा पहिल्यांदाच केलं होतं. वेळेत स्पर्धक स्वतः हजर नसेल तर नाव बाद.

रंगाऱ्याने फ्यूज पाहिला. धडधाकट होता. ट्रेलरचा प्लग उपसला, फुंकला, परत खोचला. आता इंडिकेटर दिला की मागचे सगळेच दिवे मिणमिणायला लागले.

"हे सुधारतंय की बिघडतंय?" हवालदाराने विचारलं.

"साहेब, रविवारपर्यंत ठणठणीत होते हो!"

"मग रविवारी काय केलंत?" हा प्रश्न बायकोचा.

रविवारी रंगाऱ्याने ट्रेलर रंगवला होता. बायकोची झाडं जाणार म्हणून हौसेने, हिरवागार, दोन हात. तो तसाच ट्रेलरखाली आडवा झाला. अर्थिंगची वायर जिथे लोखंडाला बोल्टने आवळलेली असते तिथे ती सोडवून, खालीसुद्धा रंग मारून, मग त्याने ती परत बसवली होती. वायर आणि लोखंड यांच्यामध्ये रंगाचा जाडजूड थर. वीज बिचारी परत जाणार कुठून?

"कुणाला दिसणारही नाही तिथेसुद्धा रंग?" बायकोने खाली वाकून विचारलं.

"कामात कसर नको म्हणून..."

"आता मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. दिवे लागेपर्यंत बोलेन, मग बास."

पान्याने बोल्ट सोडवून तो किल्लीने रंग खरवडायला लागला. मेला निघता निघेना. आपण इतकं पक्कं काम करतो याचा त्याला जन्मात पहिल्यांदा राग आला. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. अखेर लोखंड चमकलं. त्याने बोल्ट आवळला आणि धावत गाडीत बसला.

"ब्रेक!" बायको मागून ओरडली. "उजवा! डावा!"

"झालं ना? निघा, निघा आता!" हवालदार खेकसला. हॉर्नचा नुसता कल्लोळ. रंगाऱ्याने गाडी दामटली.

जीव मुठीत धरून तो चालवत होता. आरशात मागच्या सीटवर बायकोची शाल दिसली.

"रागावलीस?"

उत्तर नाही.

"चुकलंच माझं. हात जोडतो, पण स्टिअरिंग सोडता येत नाही."

तरी नाही.

"अगं, पोहोचतोय आपण! पहिलं बक्षीस तुझंच, बघ!"

शाल हललीसुद्धा नाही. एवढा राग तिने लग्नापासून कधी धरला नव्हता.

फाटकाचं एक दार लागलं होतं, दुसरं पहारेकऱ्याच्या हातात होतं.

"स्पर्धक कुठेत?"

"मागे बसल्यात. जरा रागात आहेत."

पहारेकरी काचेतून डोकावला. "इथे तर झाड आहे."

रंगाऱ्याने दार उघडून शाल उचलली. ट्रेलरमध्ये न मावलेलं सगळ्यांत उंच झाड, वाऱ्याने पानं गळू नयेत म्हणून बायकोनेच गुंडाळून बसवलेलं. तिला आपण रस्त्यावरच सोडून आलो! तो मटकन गाडीच्या दारातच बसला. तिची इतक्या वर्षांची मेहनत, आणि आपण एका मिनिटात तिची माती केली.

"थांबवा, थांबवा ते दार!" मागून आवाज आला.

ट्रेलरच्या मागे एक टेम्पो थांबला होता. त्यातून बायको उतरली, टेम्पोवाल्याचे आभार मानले, धापा टाकत पहारेकऱ्यापुढे उभी राहिली आणि नाव सांगितलं. पहारेकऱ्याने दार पुन्हा उघडलं.

रंगारी उठला. तिने त्याच्या हातातली शाल काढून घेतली आणि झाडाच्या पानांवरून हात फिरवला.

"सगळा रस्ता मागूनच येतेय," ती म्हणाली. "दिवे मात्र झक्क लागतायत."