सेतुरावांचा थरथरता हिरवा

मद्रासच्या ऐन मे महिन्यात सेतुराव गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून घामाघूम बसत. कुणी टोकलं की म्हणत, "ध्रुवाकडची सवय वो!"

माझी पुण्याहून बदली झाली आणि मी मैलापुरात त्यांच्या शेजारी आलो. ते तंजावरकडचे मराठी, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. पूर्वी दोन वर्षं ते नॉर्वेच्या पार उत्तरेला होते. तिथल्या आभाळात रात्री रंगीत प्रकाश नाचतो. तिथली उंचावरची हवा रडारनं तपासायचं त्यांचं काम. त्यांच्या पत्नी, अक्का, तेव्हा इथं सासूपाशी होत्या.

"लाट वर सोडायची. वरची हवा पेटली असली की लाट आपटून परत येते. ढग असोत, ऊन असो, रडारला अस्कं, सगळं कळतं. डोळ्याला काय कळतंय वो!"

हे ते दूधवाल्यालाही तमिळमध्ये ऐकवत. तो भक्तिभावानं मान डोलवी आणि पाणी घातलेलं दूध ओतून जाई.

अक्कांना हौस एकच: त्या प्रकाशाच्या रंगाची साडी. एकदा दोघांनी टी. नगरच्या साड्यांच्या दुकानात मलाही ओढून नेलं.

"हिरवा," सेतुराव म्हणाले. "पण थरथरता."

"सार, रेशीम कसं थरथरेल?" दुकानदारानं विचारलं.

साड्यांचा ढीग लागला. एक फार पोपटी, दुसरी "भेंडीची भाजी!" शेवटी दुकानदारानं टेबलफॅनच एका साडीवर रोखला. "आता थरथरतंय, सार?"

एवढ्यात अक्कांनी एका फिक्या हिरव्या साडीवर हात ठेवला. "हाच ना वो?"

सेतुराव गडबडले. "हाच! अगदी हाच!"

साडी बांधून होईस्तोवर त्यांनी मला बाहेर नेलं. "मी तो प्रकाश पाहिलेलाच नाही. आभाळ उजळलं की बाकीचे बायकापोरांना घेऊन बाहेर धावायचे. यंत्रापाशी कुणीतरी हवं. मी एकटा उभा राहून कुणाला दाखवू? मीच बसायचो. परत आल्यावर हिनं आधी रंगच विचारला. काय सांगू? हिला बोलू नका हां."

अक्का पुडकं घेऊन आल्या, तोच बस आली. सेतुराव जागा धरायला पुढं घुसले. अक्का हळूच मला म्हणाल्या, "त्यांनी काही पाहिलं नाही. कधी पोपटी सांगतात, कधी जांभळा."

"मग ही साडी?"

अक्कांनी पुडकं छातीशी धरलं.

"आता तो रंग दोघांनी मिळून पाहिला की."