धाकट्याचे शंभर टक्के

धाकट्या भावाने दाढीचे नवे मशीन आणले तेव्हापासून थोरल्याच्या पोटात दुखत होते. सलून दोघांचे, खुर्च्या दोन, आरसेही सारखेच. पण धाकट्याचे मशीन वायरला लावले की त्यावर निळे आकडे उमटत. गिऱ्हाईक आधी ते आकडे बघे आणि मग धाकट्याकडे आदराने बघे. थोरल्याच्या मशीनवर नुसता लाल दिवा. बॅटरी किती भरली हे कळायला वायर काढून ते चालवून बघावे लागे, कारण वायरीत असताना ते चालतच नसे.

त्या सकाळी त्याचा तोच उद्योग चालला होता. वायर काढायची, मशीन घुरघुरवायचे, कान लावायचा, पुन्हा वायर लावायची.

"दादा, सारखं काढलंस तर ते भरणार कधी?" धाकटा म्हणाला.

"तू तुझे शंभर सांभाळ."

तेवढ्यात हेडमास्तर आले. वर्षानुवर्षे ते थोरल्याच्याच खुर्चीत बसत. निळ्या आकड्यांकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिले नव्हते. आज पाहिले. थोरल्याचा जीव खालीवर झाला. त्याने त्यांना घाईघाईने बसवले, उजवा गाल उरकला आणि मशीनने मान टाकली.

शाळेत पाहुणे यायचे होते. थोरल्याने नाक मुठीत धरून धाकट्याकडे हात पसरला. धाकटा का कोण जाणे, आढेवेढे घेऊ लागला. थोरल्याने त्याचे मशीन वायरीतून उपटले आणि मास्तरांच्या डाव्या गालाला लावले. मशीन जागीच बंद पडले.

"बॅटरी कधीच मेलीय, दादा," धाकटा पुटपुटला. "वायरीत असलं की चालतं आणि शंभर दाखवतं, एवढंच. तुझी जुनी गिऱ्हाइकं बघून मी जळायचो. म्हटलं, झाकली मूठ राहू दे."

थोरल्याला इतके बरे वाटले की रागवायचे राहून गेले. वायर त्याच्या खुर्चीपर्यंत पोचत नव्हती. मग मास्तर अर्ध्या दाढीनिशी उठून धाकट्याच्या खुर्चीत बसले आणि थोरल्याने उरलेला गाल तिथे पुरा केला.

पुढच्या खेपेला मास्तर सरळ धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसले. थोरल्याचा चेहरा पडला. एवढी वर्षे जपलेले गिऱ्हाईक गेले.

"बघताय काय? इकडे या," मास्तर म्हणाले. "इथे वायर पोचते."

थोरला ऐटीत तिकडे गेला. धाकटा मुकाट्याने थोरल्याच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि लाल दिव्याच्या मशीनची वायर काढून त्याला कान लावू लागला.