बळी म्हणून आपली निवड

मुलीच्या लग्नाला तारीख एकच जमत होती आणि त्या तारखेला मोकळं सभागृहही एकच होतं. बुकिंग ऑनलाइन. सभागृह वेगळं घ्यायचं, स्वयंपाकघर वेगळं. "हे काम तुमच्याच्यानं व्हायचं नाही," असं आई सकाळीच म्हणाली होती, म्हणून बाबा बाहेरच्या खोलीत गुपचूप लॅपटॉप उघडून बसले. नाव टाकलं, सभागृह पकडलं. स्वयंपाकघराकडे वळले, तर पडद्यावर अक्षरं आली : 'हे दुसऱ्या ग्राहकाच्या ताब्यात आहे. थांबा.'

बाबा थांबले. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. त्यांनी व्यवस्थापकाला फोन लावला.

"अहो, सभागृह माझ्याकडे आहे. नुसतं स्वयंपाकघर घेऊन तो माणूस करणार काय? कोण आहे तो निर्लज्ज?"

"नाव सांगता येत नाही, साहेब. पण आत्ताच एका बाईंचा फोन येऊन गेला. त्यांनी तुमच्याबद्दल हाच शब्द वापरला."

"माझ्याबद्दल?" बाबा उभेच राहिले. "त्यांना म्हणावं, मी मेलो तरी सभागृह सोडणार नाही."

"स्वयंपाकघराबद्दल त्यांचंही अगदी हेच म्हणणं आहे."

फोन ठेवतात तोच लाल चौकट उमटली : 'बळी म्हणून आपली निवड झाली आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. निवड कायम होती. त्यांनी मुलीला हाक मारली, पण आईला कळू नये म्हणून इतकी हळू, की मुलीलाही ऐकू गेली नाही. शेवटी तीच पाणी प्यायला आली, म्हणून तिला कळलं.

मुलगी कॉम्प्युटरवालीच. "घाबरू नका, बाबा. तुम्ही एक धरून दुसऱ्यासाठी अडलात, समोरचा दुसरं धरून पहिल्यासाठी. कुणीच सोडेना, तर जन्मभर तसेच बसाल. म्हणून मशीन एकाला बळी देतं. त्यानं धरलेलं सुटतं आणि दुसऱ्याचं काम होतं."

"म्हणजे सभागृह त्या बाईला गेलं?" बाबांनी विचारलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आई मोबाइल नाचवत आली. "मिळालं गं दोन्ही. पाहुणे, पंगती, आचारी, सगळं भरून मी कधीची बसलेय, आणि कुणी मेला त्या सभागृहावर..."

तिचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं. मग बाबांकडे.

"पण मलाच का निवडलं?" बाबांनी खालच्या आवाजात विचारलं.

मुलगी जरा घुटमळली. "ज्याचं काम कमी झालेलं असतं ना बाबा, शक्यतो त्यालाच निवडतात."

आईनं चष्मा लावला. ती चौकट अगदी सावकाश वाचली.

"अगं," ती म्हणाली, "याची प्रिंट निघते का?"