चार शेवाळी आणि एक मी

अठ्ठावीस वर्षं मी घसा फोडून एकच गोष्ट सांगत आले आणि अठ्ठावीस वर्षं माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. ह्यांना रंग कळत नाहीत.

हसलात ना? सगळे हसतात. कारण आमचे हे नोकरीला आहेत ते रंगाच्याच दुकानात. भिंतींना द्यायचे रंग. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ते नाही का ढगाळ निळं, पण जरा राखाडीकडे झुकणारं?" हे डोळे मिटतात आणि म्हणतात, "सात हजार दोनशे चौदा." मशीनवर आकडे दाबले की डबा तयार. (डोळे मिटण्याचं गिऱ्हाइकांना फार कौतुक. मला विचाराल तर उघडे ठेवूनही फरक पडला नसता.) चार हजार नंबर तोंडपाठ आहेत म्हणून मालकाने ह्यांचं नाव ठेवलंय 'शेडकार्ड'. आता शेडकार्डाला रंग कळत नाहीत असं बायको म्हणाली तर लोक कोणाला वेड्यात काढणार? तिलाच.

बरं, मी काही हवेत बोलत नव्हते. हा माणूस बाजारातून एक किलो टोमॅटो आणतो, त्यातले अर्धे हिरवेगार, दगडासारखे. विचारलं तर म्हणतो, "चार दिवस टिकावेत म्हणून मुद्दाम आणले." एका पायात तपकिरी मोजा, दुसऱ्या पायात हिरवा. "फॅशन आहे." मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या लेकाला चार हजार रंग पाठ आहेत. तुला किती येतात?" मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी निवडते. वॉर्डाची निळी, ऑपरेशनची हिरवी, बाळंतिणींची गुलाबी. मला तीन येतात, पण तिन्ही ओळखता येतात!

असो. मुद्द्यावर येते.

आमची मुलगी नर्स आहे. तिला लांबच्या देशात दोन वर्षांची नोकरी लागली. निघायला आठ दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, "आई, मला सगळ्यांचा एक फोटो हवा. पाचही जणांचा. आणि तू मधे हवीस."

हे ऐकून मी कणीक मळता मळता थांबले. (रडले नाही. कणीक आधीच सैल झाली होती.) कारण ती खरंच बोलली होती. आमच्या घरात फोटोंना तोटा नाही, पण मी धड अशी एकाही फोटोत नाही. एकात माझं कोपर आहे. एकात सगळ्यांच्या पिशव्या धरून मी कडेला उभी आहे, आणि फ्रेम करणाऱ्याने पिशव्या ठेवून मला कापलं. मुलीच्या नर्सिंगच्या समारंभात फोटो मीच काढला, त्यात माझं बोट आहे. म्हणजे आतापर्यंत मी तुकड्यातुकड्यांनी आलेय. ते सगळे जोडले तरी बाई काही पुरी होत नाही.

म्हणून मी म्हटलं, ह्या वेळी काय वाटेल ते होवो, मी आख्खी येणार.

सासूबाईंना तीन जिने उतरवत नाहीत, म्हणून फोटोवाल्यालाच रविवारी घरी बोलवायचं ठरलं. तिथवर ठीक होतं. मग मुलगी म्हणाली, "सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालायचे. नाहीतर आपण पाच जण पाच बसमधून उतरल्यासारखे दिसतो."

"मी निवडते," मी म्हणाले.

"तू?" मुलगा म्हणाला. हा स्कूलबस चालवतो, आणि पिवळ्या रंगापलीकडे त्याचा अभ्यास नाही. "तू निवडलंस तर आपण सगळे चादरी गुंडाळून बसू. बाबांना निवडू दे. त्यांचं कामच आहे ते."

"अरे, ह्यांना रंग—"

"आई, झालं तुझं सुरू?"

हे खुर्चीत जरा ताठ झाले. खिशातून शेडकार्ड काढलं, पानं उलटली, डोळे मिटले. (बघा!) आणि म्हणाले, "शेवाळी. शांत, खानदानी, कोणालाही शोभणारा. सरकारांची हरकत नसेल तर."

सरकार म्हणजे मी. हे खूश असले की मला सरकार म्हणतात, आणि चिडले तरीही सरकारच. मुलांनीही तेच उचललंय. घरातले सगळे निर्णय माझे आणि पाळणारं कोणी नाही, तेव्हा नाव तसं बरोबरच आहे.

शनिवारी हे पाच पिशव्या घेऊन आले. प्रत्येकीवर नाव लिहून, तोंडाला पिन मारून. दुकानात काय झालं ते फुशारकीने सांगत होते. "दुकानदार म्हणतो, साहेब, हा शर्ट तपकिरी आहे. मी शेडकार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं. म्हटलं, मी रंगातला माणूस आहे, मला शिकवू नकोस. गप्प बसला."

मी पाचही पिशव्या माझ्याकडे ओढून घेतल्या.

इस्त्री माझ्याकडे, त्यामुळे पाचही पिशव्या फक्त मी उघडल्या. मुलीचा ड्रेस शेवाळी. (त्यावर चिठ्ठीच होती 'शेवाळी' अशी.) मुलाचा शर्ट तपकिरी. सासूबाईंची शाल विटेच्या रंगाची. ह्यांचा स्वतःचा शर्ट गंजलेल्या पत्र्यासारखा तांबूस. आणि माझा ड्रेस! तो खाकी. वर दोन खिसे. शिट्टी तेवढी द्यायची राहिली होती.

मी ह्यांना हाक मारली. "अहो, हे पाच रंग आहेत!"

हे आले, पाचही कपडे शेजारी शेजारी मांडले आणि लेकाचं लग्न ठरल्यासारखे समाधानाने हसले. "बघ कसे मिळालेत. एका ताग्यातले वाटतात."

मुलीला ड्यूटीवर फोन केला. "आई, ट्यूबलाइटमध्ये रंग बदलतात. बाबांनीच सांगितलंय मला." मुलाला त्याचा शर्ट दाखवला. "असेल ना शेवाळी. शेवाळी म्हणजे काय ते मला कुठे माहितीये?" सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी शालीवरून हात फिरवून निकाल दिला, "मऊ आहे."

मग मीही हट्टाला पेटले. खाकी ड्रेस परत पिशवीत कोंबला आणि ठरवलं, मी माझा तो फिकट पोपटी घालणार. शेवाळी नाही तर नाही, निदान हिरव्याच्या नात्यातला तरी आहे. आई आणि मुलगी दोघी तरी एका घरच्या दिसू.

रविवारी दुपारी फोटोवाला आला. बरोबर एक तास आहे म्हणाला, नंतर एका बाळाच्या फोटोला जायचंय. दिव्यांपुढच्या छत्र्या उघडल्या, दिवे लावले, आमचा सोफा हलवला आणि सोफ्याखालचं दहा वर्षांचं सगळं उघड्यावर आणलं. (ते मी एका हाताने झाडत होते, दुसऱ्या हाताने केस विंचरत होते.) सासूबाईंना शाल लपेटून खुर्चीत बसवण्यातच पंचवीस मिनिटं गेली, कारण त्यांना शालीची घडी कॅमेऱ्याला दिसायला हवी होती.

मग एकेक जण खोलीतून बाहेर आला.

फोटोवाल्याने सगळ्यांकडे पाहिलं. कॅमेरा खाली केला. "काकू, काही खास ठरवलंय का कपड्यांचं?"

"शेवाळी," मुलगी म्हणाली.

"शेवाळी म्हणजे तपकिरी ना?" मुलगा म्हणाला.

"तू तपकिरी का घातलायस?"

"म्हणजे? हा शेवाळी नाही?"

"आजी विटकरी का आहे?"

"विटकरी?" सासूबाई दचकल्या. "मला कोणी सांगितलं नाही!"

"बाबा, तुम्ही तर तांबडे आहात!"

आणि मग तो क्षण आला ज्याची मी अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली होती. चौघांची आठ बुबुळं ह्यांच्याकडे वळली. मी कमरेवर हात ठेवले. मला घाई नव्हती. असा क्षण चावून खायचा असतो.

"अहो," मी गोड आवाजात म्हणाले, "आपण पाच जण इथे आहोत. ह्यातला वेगळा कोण ते सांगा बरं."

हे आमच्याकडे पाहत राहिले. मग बोट माझ्याकडे केलं. "तू. तुझा एकटीचाच वेगळा आहे. बाकी आम्ही चौघं एक."

फोटोवाल्याच्या हातातला दिवा कलला.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "कधीपासून?"

हे खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "पहिलीत गवत तांबडं रंगवलं होतं मी. बाईंनी वही सगळ्या वर्गाला दाखवली." मग खिशातलं शेडकार्ड चाचपलं. "नंबर मात्र कधी चुकला नाही माझा. एकदाही नाही. दुकानात कोणी सांगू नका."

आता खरं सांगू? मला वाटलं होतं मी नाचेन. पेढे वाटावेत तसं शेजारीपाजारी सांगत सुटेन. पण हा माणूस रोज चार हजार आकडे घोकत कामावर जातो, आणि मला वाटत होतं की हौस म्हणून! माझा आनंद पाव मिनिटात विरघळला. मग जो राग आला तो भलत्याच गोष्टीचा. अठ्ठावीस वर्षं मला खोटं पाडलं ते पाडलं, पण मला एकटीला तरी सांगायचंत! मी काय दुकानाच्या मालकाची बहीण आहे?

तसं मी बोलूनही दाखवलं. जरा मोठ्याने.

"काकू," फोटोवाला घड्याळ दाखवत म्हणाला, "माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत."

कपडे बदलायला वेळ नव्हता. सासूबाई तर शालीतून बाहेर यायलाच तयार नव्हत्या. बुधवारी मुलगी जाणार होती. म्हणून आम्ही तसेच उभे राहिलो. मी मधोमध. आख्खी. कोपरांसकट. फोटोवाला "हसा" म्हणाला तेव्हा मी इतकी हसले की मुलाने विचारलं, "आई, बरी आहेस ना?"

सोमवारी त्याने फोटो पाठवला. चेहरे सुंदर आले होते, मी मान्य करते. पण रंग! कोणीतरी मसाल्याच्या बरण्या मांडून त्यावर मुंडकी लावलीत असं वाटत होतं. मुलीने डोळ्यांत पाणी आणलं. "हा मी तिकडे भिंतीवर कसा लावू?"

तेव्हा फोटोवाल्याने फोनवर तोडगा काढला. "ताई, ब्लॅक अँड व्हाइट करू या. रंगाची भानगडच मिटेल. फ्रेम करूनच आणतो."

मला ते लगेच पटलं. इतकं पटलं की मीच म्हणाले, "करा!" (हा निर्णय माझा. पुढच्यासाठी लक्षात ठेवा.)

मंगळवारी संध्याकाळी फ्रेम आली. मुलीने कागद फाडला आणि सगळे वाकून बघायला लागले.

शेवाळी, तपकिरी, विटकरी, गंजका, सगळे गेले होते. त्यांच्या जागी एकच राखाडी होता. चौघांच्या अंगावर तोच, तसाच, शांत, खानदानी, कोणालाही शोभणारा. जणू एकाच ताग्यातून बेतलेला. खाकी ड्रेस घातला असता तर माझ्याही अंगावर तोच आला असता.

आणि मधोमध मी. माझा फिकट पोपटी पांढराफटक पडला होता. राखाडी भिंतीला खिडकी पाडावी तशी मी चमकत होते.

"बाबा!" मुलगा ओरडला. "तुम्ही तर बरोबर निवडलं होतंत!"

"मला असंच दिसत होतं," हे म्हणाले, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "तरी मी सांगितलं होतं, एकच वेगळा आहे."

"आई, तू त्यांनी आणलेला ड्रेस का नाही घातलास?" ही मुलगी! माझी मुलगी!

"अगं, तो खाकी होता!"

"पण बाबांवर जरा विश्वास ठेवायचा ना."

मी ती खाकीची पिशवी पुरावा म्हणून आणायला उठले.

तेवढ्यात सासूबाईंनी फ्रेम मांडीवर ओढून घेतली आणि पार नाकाला टेकवली. "ही मी. हा माझा लेक. ही नात, हा नातू. कसे सगळे एका घरचे दिसताहेत!" मग कपाळाला आठ्या घातल्या. "पण मधेच हा पांढरा डाग कसला गं? काचेवर काही सांडलंय का?" आणि शालीच्या टोकाने माझा चेहरा खसाखसा पुसायला लागल्या.

"आजी, पुसू नकोस. तो जाणार नाही," मुलगा म्हणाला.

"जाणार नाही? मग एवढा चांगला फोटो बिघडवला कोणी? नाव सांगा मला!"

ज्या घरात दोन माणसांचं कधी एकमत होत नाही, त्या घरात तिघंही एका सुरात, एका दमात, एका क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "सरकार!"