मेर्सी बेआउकोउप

परदेशी जायच्या आदल्या दिवशी काकांनी काकूंना एकच सूचना केली. "तिथे तू मध्ये बोलू नकोस. काय ते मी सांभाळून घेईन."

काका म्हणजे छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. पस्तीस वर्षं लोकांच्या ऱ्हस्वदीर्घावर लाल पेन्सिल फिरवल्यामुळे छापखान्यात त्यांना पाठीमागे 'शुद्धिपत्र' म्हणत, तोंडावर काका. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, म्हणून त्यांनी वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या फ्रेंचच्या वर्गात नाव घातलं. वर्षभराने त्या वर्गाचं आणि एका फ्रेंच गावातल्या मंडळाचं ठरलं, की इकडची अकरा माणसं आठ दिवस तिकडे घरोघरी राहायची आणि पुढच्या वर्षी तिकडची इकडे यायची. सांस्कृतिक देवाणघेवाण. काकूंना फ्रेंचचं ओ की ठो कळत नव्हतं. त्या देवाणघेवाणीत काकांच्या सामानाबरोबर निघाल्या होत्या.

लेखी परीक्षेत काका वर्गात पहिले. बोलण्यात मात्र एक तात्त्विक अडचण होती. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची अक्षरं लिहितात आणि उच्चारत नाहीत, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. "छापलंय ना? मग वाचायचं," ते वर्गाच्या मॅडमना सांगत. "कंपोझिटरने खिळे काय उगाच जुळवले?" त्यामुळे 'मेर्सी बोकू', म्हणजे खूप आभार, हे शब्द काका एकाही अक्षरावर अन्याय न करता 'मेर्सी बेआउकोउप' असे म्हणत. 'वी', म्हणजे होय, एवढा एकच शब्द मॅडमनी रडकुंडीला येऊन त्यांच्याकडून बरोबर घोटून घेतला होता. पुढचा सगळा घोटाळा त्या एका बरोबर शब्दाने केला.

काकांच्या वाट्याला आलेले यजमान म्हणजे निवृत्त औषधविक्रेते. खाली औषधाचं जुनं दुकान, वर घर. सडसडीत, ताठ, घरातसुद्धा टाय लावणारे गृहस्थ. पाहुणे येणार म्हणून ते नऊ महिने कुणालाही न सांगता मराठी शिकले होते, तेही शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका व्याकरणाच्या पुस्तकावरून. मराठी बोलणारा माणूस त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. आणि शब्दाचं शेवटचं अक्षर उच्चारायचं नसतं, हे तर त्यांच्या रक्तातच होतं.

"नमस्का," दार उघडून यजमान म्हणाले. "आपा प्रवा सुखा झा का?"

हे इथलं गावरान फ्रेंच असणार, असं काकांना वाटलं. त्यांनी कोट सारखा केला आणि मला फार आनंद झाला, या अर्थाचं वाक्य म्हटलं. "जे सुइस त्रेस कॉन्तेन्त."

यजमान क्षणभर गोंधळले. ही मराठीची एखादी बोली असावी. पुस्तकात बोलींवर एक वेगळं प्रकरण होतं आणि नेमकं तेच त्यांनी कंटाळून सोडलं होतं.

"काय म्हणाले?" काकूंनी हळूच विचारलं.

"घर फार छान आहे म्हणाले."

"स्वतःच्याच घराला?"

"त्यांच्यात मोकळेपणा असतो."

तिकडे यजमानीणबाईही नवऱ्याला तेच विचारत होत्या, आणि तेही तितक्याच आत्मविश्वासाने काहीतरी ठोकून देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर काकांचा चेहरा प्रवासाने उतरलेला होता. यजमानांचं चाळीस वर्षं आजारी चेहरे पाहिलेलं मन कळवळलं. "दोके दुक्ते का?" त्यांनी विचारलं.

झोप लागली का, असं विचारत असतील म्हणून काका म्हणाले, "वी."

"ता आए का?"

"वी."

"पो बिघला का?"

"वी, वी," काका हसून म्हणाले, कारण यजमानांना नाही म्हणू नये, असं मॅडमनी बजावलं होतं.

यजमानांनी चमचा खाली ठेवला. इतकी लक्षणं एका माणसात, आणि वर हा हसतोय. त्यांनी काकांच्या दंडाला धरून उठवलं, खोलीत नेलं, पलंगावर आडवं केलं, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि कपाळावर ओली घडी. थर्मामीटरमध्ये ताप निघाला नाही, तेव्हा तर ते जास्तच काळजीत पडले.

"हे काय चाललंय?" काकूंनी दारातून विचारलं.

"आदरातिथ्य," काका घडीखालून म्हणाले. "पाहुण्याला आधी पुरती विश्रांती देत असावेत. तू नको काळजी करू."

काकूंनी काळजी केली नाही. यजमानीणबाईंनी त्यांना हाताने खूण केली आणि दोघी पिशव्या घेऊन बाजाराला निघून गेल्या.

दुपारी यजमानांनी एक औषध आणून दिलं. काकांना ते सरबत वाटलं. त्यांनी ते संपवलं आणि मनापासून म्हटलं, "मेर्सी बेआउकोउप."

यजमान थबकले. शेवटचा शब्द ओळखीचा वाटत होता. त्यांनी पुस्तकाच्या मागची शब्दांची यादी धुंडाळली आणि त्यांना 'कोप' सापडला. देवाचा कोप, राजाचा कोप, पित्ताचा कोप. यातला देव आणि राजा त्यांच्या धंद्यात बसत नव्हते. त्यांनी दुकानात उतरून पोट साफ होण्याचं पक्कं जुनं औषध तयार केलं आणि मोठा पेलाभर पाजलं.

आता काका खरोखरच आजारी पडले.

पुढचा अख्खा दिवस पलंग आणि मोरी यांच्यामध्ये गेला. काकू येत तेव्हा त्यांच्या गालांवर उन्हाची लाली असे. एकदा त्या आल्या, तेव्हा डोक्यावर एक हॅट होती.

"कसं वाटतंय?"

"फार करतात गं माझं," काका क्षीण आवाजात म्हणाले. "आता थोडं कमी करतील तर बरं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावच्या सभागृहात समारंभ होता आणि सगळ्यांच्या वतीने आभाराचं भाषण काका फ्रेंचमध्ये करणार होते. महिनाभर खपून त्यांनी ते लिहिलं होतं, चार वेळा तपासलं होतं. दुपारी ते कसेबसे उठून बूट घालायला लागले. यजमानांनी मायेने बूट काढून घेतले. काकांनी परत घातले, तेव्हा यजमान बूट उचलून चालते झाले.

"अहो, मला जायचंय," काका मोज्यांवर त्यांच्या मागे धावत म्हणाले. वर्षभर शिकलेलं फ्रेंच त्या क्षणी एकही अक्षर द्यायला तयार नव्हतं.

मग काकू पुढे झाल्या. त्या यजमानांना सावकाश, शांतपणे म्हणाल्या, "त्यांना काही झालेलं नाही. आधी काही नव्हतं, औषधाने झालं होतं. तेही थांबलंय. बूट द्या."

यजमानांचा चेहरा उजळला. "बू?"

"बूट."

यजमानांनी बूट आणून दिले.

काका खुर्चीवर बसले. "यांना मराठी कुठून येतं?"

"पहिल्या दिवसापासून तेच बोलतायत."

"तुला कळत होतं?"

"तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते मी. अर्धा शब्द आला तरी पुरा करून घ्यायची सवय आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, मध्ये बोलू नकोस." काकूंनी डोक्यावरची हॅट सारखी केली. "आणि खरं सांगायचं तर, बाईंबरोबर फिरायला बरं वाटत होतं. तुम्ही असता तर दर पाटीपाशी उभं राहून मला समजावत बसला असता."

काकांना हे लागलं. बराच वेळ ते नाडीची गाठ मारत बसले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी जे बोललो, ते यांना..."

"नाही कळलं."

"शुद्ध होतं."

"शुद्ध होतं हो. कळलं नाही, इतकंच."

तरीही संध्याकाळी काकांनी भाषण फ्रेंचमध्येच केलं. दुसरं काही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आणि यजमानही ताठ मानेने उठले आणि त्यांनी स्वागताचं भाषण मराठीत केलं. दोन्ही भाषणांना प्रचंड टाळ्या पडल्या. मंडळाचे अध्यक्ष काकांचा हात हातात घेऊन काहीतरी सद्गदित होऊन बोलले, ते बरोबर आलेल्या मॅडमनी मान खाली घालून सांगितलं. "ते म्हणतात, मराठी भाषा इतकी मधुर असेल असं वाटलं नव्हतं."

मागून वर्गातला विमा एजंट आला. वर्षभर शेवटच्या बाकावर बसलेला गडी. "काका, तुमच्या यजमानांचं फ्रेंच मात्र सोपं हं," तो म्हणाला. "मधले मधले शब्द मला चक्क कळले. वर्गाचा फायदा झाला म्हणायचा."

काकांनी यजमानांकडे पाहिलं. यजमान काकांकडेच पाहत होते. त्यांनाही कुणीतरी असंच काही सांगितलं असावं, कारण टायच्या गाठीपर्यंत ते लाल झाले होते.

त्यानंतर दोघांनी बोलणं सोडून दिलं. रागाने नाही, विषयच संपला होता. बायका सकाळी बाहेर पडत आणि हे दोघे खाली जुन्या दुकानात जात. तिथे कपाटभर काचेच्या बरण्या वर्षानुवर्षं धूळ खात पडल्या होत्या. यजमान बरणी उतरवत, काका पुसत. एखादं बूच निघेना, तर दोघे आळीपाळीने जोर लावत. जेवणाची वेळ झाली, की यजमान घड्याळ दाखवत आणि काका मान हलवत. चार दिवसांत सगळं कपाट लख्ख झालं.

निघायच्या सकाळी बसपाशी सगळेच एकमेकांच्या गळ्यात पडून, तीन भाषांत एकदम बोलत होते. यजमानीणबाई आणि काकू हातात हात घालून उभ्या होत्या. यजमानांनी काकांचे दोन्ही हात धरले आणि पहिल्यांदाच ते आपल्या स्वतःच्या भाषेत, भराभर, बरंच काही बोलले. मग ते चटकन वळून चालायला लागले.

बस सुटली. काका समोरच्या सीटकडे पाहत बसले.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

बस गावाबाहेरच्या रस्त्याला लागली.

"कळलं नाही," काका म्हणाले.

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. काकूंनी हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि त्यांनी खिडकीजवळची आपली जागा काकांना दिली.